चुंबळीतली तार

तार यायची तेव्हा रीता श्वास धरून ठेवायची. काचेच्या बशीतल्या पांढुरक्या, ओलसर ठिपक्याला सुईचं टोक टेकवायचं आणि हात हळूच वर न्यायचा. सुईमागून धागा निघायचा. कोळ्याच्या जाळ्याहून बारीक, पाकाच्या तारेहून चिवट. कोपराच्या उंचीला येईस्तोवर तो तुटायचा नाही, आणि खिडकीतून उन्हाची तिरीप आली की त्याच्यावरून उजेड घरंगळत खाली जायचा.

दिवाळीनंतर तो धागा यायचा थांबला.

गोंदियाच्या कॉलेजातल्या त्या लांबट प्रयोगशाळेत ती रोज नव्या बशा भरायची, रोज सुई टेकवायची. जीवाणूंचे ठिपके यायचे. गोल, कोरडे, नीटनेटके, रांगोळीतल्या ठिपक्यांसारखे. तार मात्र नाही. आणि तिचं सगळं संशोधन त्या तारेवर टांगलेलं होतं. धान कापून झालं की बांधीतली, म्हणजे शेतातली, ओल उडते, मग मागून पेरलेलं लाखोरीचं, लाखेच्या डाळीचं, बी तहानेनं मरतं. त्या बियाण्यावर या तारेचा लेप दिला तर ती पाणी धरून ठेवील का, एवढाच तिचा प्रश्न. होळीच्या आधी विद्यापीठाची समिती बसणार होती. तोवर तार दाखवता आली नाही तर विषय बदलावा लागेल, असं मार्गदर्शक भुपेंद्र सरांनी तिला सांगितलं. रागावून नाही, चहा पिता पिता सांगितलं, म्हणून ते जास्त लागलं.

सरांनी तिच्या बशा उन्हाकडे धरून पाहिल्या होत्या. जुन्या, उन्हाळ्यातल्या बशा कशा दिसायच्या असं विचारलं होतं. रीतानं सांगितलं की तेव्हा ठिपके एकमेकांत वाहून जायचे, शेंबडासारखे. त्यातून एक वेगळा काढायचा तर जीव जायचा. मग पुढच्या बशीसाठी आणि फ्रीजरमधल्या कुप्यांसाठी तू कुठले उचललेस, सरांनी विचारलं. रीता म्हणाली, त्यातले जे साफ होते ते.

बोलता बोलताच तिला कळलं. तिच्या आईनं आणि सासूनं तिला दोन घरांत एकच शिकवलं होतं, बुळबुळीत ते टाकायचं आणि साफ ते ठेवायचं. तिचा हात दर खेपेला आपसूक साफ ठिपक्याकडे गेला होता. आणि साफ म्हणजे ज्यानं तार काढणं सोडून दिलं तो. बशीत आयतं खाणं, आयती ओल. धागा काढायची गरज कुणाला होती? असे सुखावलेले आळशी तिनं वेचून वेचून पुढे चालवले, आणि जे मेहनती होते ते स्पिरिटनं पुसून टाकले.

"जिथून आणला होतास तिथंच जा परत," सर म्हणाले.

तो जीवाणू आणला होता सासूच्या डब्यातून. मागच्या उन्हाळ्यात सुलोचनाबाईंनी तिला लाखोरीच्या घुगऱ्या बांधून दिल्या होत्या आणि डबा प्रयोगशाळेच्या उकाड्यात तसाच विसरून राहिला. दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं तर चमच्यामागून तार. दुसरी कुणी असती तर नाक धरून डबा घासायला टाकला असता. रीतानं सुई घेतली.

सासरच्या गावी निघालेली एसटी कोहमाऱ्याला थांबली, तिथून पुढे रान लागलं आणि मग नवेगावच्या बांधाचं पाणी. रोशन, तिचा नवरा, मोटारसायकल घेऊन स्टँडवर उभा होता. तिचा चेहरा पाहून त्यानं नुसती तिची पिशवी घेतली.

जेवणं झाल्यावर तिनं सासूला सांगितलं की तशाच घुगऱ्या पाहिजेत. सुलोचनाबाई ताटं गोळा करत होत्या. करते की, म्हणाल्या, सकाळी ताज्या करून देते. रीता म्हणाली, ताज्या नको, नासलेल्या. तार आलेल्या.

सासूचा हात थांबला. रीताच्या ते ध्यानात आलं नाही. ती भराभर सांगत गेली, तो जीव किती गुणी आहे, त्याची तार किती लांब यायची, आणि भरात येऊन हेही सांगून बसली की कुपीवर तिनं त्याला नाव दिलंय. सुलो-वन. आईंचंच नाव.

"माझं नाव?" सुलोचनाबाई म्हणाल्या. "नासल्या घुगरीले?"

बुटक्या भिंतीपलीकडून हसण्याचा आवाज आला. भागरताबाई, सुलोचनाबाईंची थोरली जाऊ, तिकडे भांडी घासत होत्या. त्यांचे कान आणि राखेचा बोळा एकाच वेळी चालत.

"घे आता," त्या तिकडूनच म्हणाल्या. "मी गावातच सांगत होतो, सुनेनं गोंदियात नेऊन सांगतलन."

रीता या घरात येण्याच्या किती तरी आधीची ती गोष्ट होती. सुलोचनाबाई नवीन नवरी. गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, आणि दंडारीचा नाच पाहायला आलेले घरभर पाहुणे. घुगऱ्यांचं मोठं मडकं त्यांनी लावलं, आणि सकाळी पाहुण्यांच्या पानात वाढताना पळीमागून तार निघाली. पानं उचलावी लागली. त्या दिवशी थोरली जाऊ सगळ्यांदेखत म्हणाली, सुलोचनाच्या हाताले तार हाय. बोलून ती विसरलीही असेल. गाव विसरलं नाही. मग बारसं असो की तेरवी, डाळी-कडधान्याच्या मडक्याला सुलोचनाबाईंना कुणी हात लावू दिला नाही. भाजी चिरायला बसवत. एवढी सुगरण बाई, जिच्या हातच्या अळूच्या वड्यांना पाहुणे मुक्काम वाढवत, ती चुलीपासून दूर बसून वांगी चिरायची.

रीताला हे रोशननं त्या रात्री सांगितलं. आधी सांगितलं असतंस तर, ती म्हणाली. तो म्हणाला, तू आधी विचारलं असतंस तर.

सकाळी सुलोचनाबाई काही न बोलता उठल्या. लाखोरी निवडली, धुतली, पुन्हा धुतली. मातीचं मडकं बाजूला सारलं आणि फळीवरून स्टीलचा गंज, म्हणजे उभं पातेलं, उतरवला, जो फक्त लग्नकार्याला निघायचा. राखेनं घासला, मग साबणानं, मग उकळत्या पाण्यानं विसळला. घुगऱ्या शिजल्या, वर घट्ट ताट बसवलं, आणि सुनेला म्हणाल्या की घे, चुलीजवळ ठेव, नासव किती नासवायचं ते.

घुगऱ्या नासल्या. आंबूस वास आला, वर फेस धरला. रीतानं चमचा बुडवून वर उचलला. पाणी टपटप गळलं. तार नाही.

पुन्हा लावल्या. पुन्हा तेच. ती मागच्या अंगणात जाऊन बसली, शेणाच्या गोवऱ्यांशेजारी, आणि पहिल्यांदाच तिला वाटलं की तो जीव या घरातूनही गेला. समितीसमोर आता कुठला तरी दुसरा, कुणीही केलेला विषय न्यायचा. सरांना फोन करावा म्हणून तिनं मोबाइल काढला आणि तसाच ठेवून दिला.

घरात सुलोचनाबाई मात्र वेगळ्याच झाल्या होत्या. रीतानं दारातून पाहिलं, त्यांनी एका वाटीत त्या घुगऱ्या घेतल्या, पदर सावरला, आणि भिंतीपाशी जाऊन वाटी थोरलीपुढे धरली.

"पाय बाई. दोनदा लावल्या. तार नाई."

त्या आवाजात एवढं काही होतं की रीताला आपल्या दुःखाची लाज वाटली. तिचं जे हरवलं होतं, त्याचं नसणंच सासूला मिळालं होतं.

भागरताबाईंनी वाटी घेतली. वास घेतला, बोटानं ढवळलं, डोळे बारीक केले.

"कशात लावल्या?"

"गंजात."

"आन तुझी ती चुंबळ?"

सुलोचनाबाईंनी वाटीसाठी हात पुढे केला.

"तेच म्हणतो मी," भागरताबाई वाटी परत करत म्हणाल्या. "माहेरून आणलेलं ते खूळ. मडक्याच्या तोंडावर तनसाची चुंबळ, तिच्यावर झाकण. पयल्या दिवसापासून सांगून राहिलो, सुलोचना, मडक्यावर चुंबळ कायले ठेवतेस? डोक्यावर ठेवायची ती. आयकलं का माझं कधी?"

रीता उठून उभी राहिली.

चुंबळ तिनं रोज पाहिली होती. धानाच्या तणसाची, पेंढ्याची, वळलेली कडी, पाण्याचा गुंड डोक्यावर घ्यायचा तर खाली लागते तशी. सासूच्या माहेरी मडक्याच्या काठावर ती ठेवून वर मातीचं परळ झाकत. वाफ कोंडत नाही, दाणा मऊ होतो, असं तिकडच्या बायका मानतात. वाफ चुंबळीत शिरते, तणस भिजतं आणि पाणी थेंब थेंब होऊन पुन्हा घुगऱ्यांवर पडतं. मागच्या उन्हाळ्यातल्या घुगऱ्याही अशाच मडक्यातल्या होत्या. आणि पुस्तकात तिनं शंभरदा वाचलं होतं की हा जीव वाळल्या गवतावर, तणसावर राहतो. वाचलं होतं, कडी समोर खुंटीला लोंबत होती, दोन्हीची गाठ पडली नव्हती. ती घुगऱ्यांकडेच बघत राहिली होती.

पण आता चुंबळ मागायची कशी? मागायची म्हणजे सासूला म्हणायचं, ती तार पुन्हा काढा, जी गेल्याचा आनंद तुम्हाला आत्ता झाला. दुपारी सुलोचनाबाई ओसरीवर सुपात लाखोरी घेऊन बसल्या तेव्हा रीता शेजारी जाऊन बसली आणि तिनंही खडे वेचायला घेतले.

पुष्कळ वेळानं सासूनंच विचारलं. "काऊन करते ते? त्या जीवाले तार कायले लागते?"

मग रीतानं सांगितलं. डोळ्याला न दिसणारा जीव. त्याला अंग घडवायला अमिनो आम्लं लागतात, मण्यांसारखी. आपल्या अंगातली प्रथिनंही त्याच मण्यांची, पण त्यात वीस तऱ्हेचे मणी असतात, कुठला कुणानंतर ते ठरलेलं असतं, आणि ते बघून बघून ओवावं लागतं. ही तार ओवताना तो जीव काहीच बघत नाही. एकच मणी घेतो, ग्लुटामिक आम्लाचा. पुन्हा तोच. पुन्हा तोच. त्याच्या अंगाच्या सालीतच ओवणारे बसलेले असतात, ते मणी जोडत जातात आणि माळ बाहेर सोडत जातात, हजारो मण्यांची. आणि गंमत अशी की या मण्याला जोडायला एक हात जास्त असतो. प्रथिनात मणी जवळच्या हातानं जोडतात, इथं लांबच्या. म्हणून प्रथिनं कापणाऱ्या नेहमीच्या कात्र्या हिच्यावर चालत नाहीत. मण्यांत काही डावे असतात, काही उजवे, आरशातल्या जोडीसारखे, आणि तो दोन्ही ओवतो, कुणाला टाकत नाही.

सुलोचनाबाईंचं वेचणं थांबलं होतं. त्या सुपाकडे बघत होत्या, पण दिसत दुसरंच काही असावं.

"म्हणजे रोवणा," त्या म्हणाल्या.

रीता थबकली. धानाची लावणी करत चिखलात वाकलेल्या बायकांची रांग तिच्या डोळ्यांपुढे आली. तेच रोप, त्याच्याशेजारी तेच रोप, पुन्हा तेच. बाया मागे मागे सरकतात आणि पुढ्यात हिरवं होत जातं. तिनं कितीदा हे सांगायचा प्रयत्न केला होता, फळ्यावर, चित्रं काढून. सासू खालच्या आवाजात गुणगुणू लागल्या, रोवण्यात गातात ते, जिथं एकच ओळ फिरून फिरून येते:

एक रोप रोवलं बाई, दुजं त्याच्या शेजारी,
बांधी झाली हिरवी आता, कोन मोजे सारी.

"मोजत नाई ना ते जीव?" त्यांनी विचारलं.

नाही, रीता म्हणाली. आणि बांधीतच असे आणखी आहेत. धानाच्या पाण्यावर निळसर हिरवा तवंग येतो ना, त्यातले जीव दोन तऱ्हेचे मणी जोडून पोटातच कोठी भरून ठेवतात, टंचाईत खायला. हा मात्र माळ बाहेर टाकतो. ती माळ पाणी धरते, धरते म्हणजे किती, स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट. ऊन पडलं, सगळं सुकलं, तरी हा त्या ओलीत बसून राहतो. आणि अगदीच उपास पडला तर आपणच ओवलेली माळ एका टोकाकडून उसवतो आणि एकेक मणी खातो.

"घर आन कोठी एकच," सुलोचनाबाई म्हणाल्या. मग थोरलीच्या भिंतीकडे बघून, "आन ते माझ्या चुंबळीतच राहते ना? वाफेत मरत नाई?"

बाकीचे मरतात, रीतानं सांगितलं. हा कवच पांघरून तणसात झोपलेला असतो. वाफेनं बाकीचे गेले की त्याची फक्त झोप मोडते, आणि मग सगळं मडकं त्याचं एकट्याचं.

सुलोचनाबाईंनी सूप खाली ठेवलं. गुडघ्यावर हात टेकून उठल्या. रीताला वाटलं, त्या आत जाऊन निजतील. त्या मागच्या दारानं गोठ्याकडे गेल्या. परत आल्या तेव्हा हातात चुंबळ होती, काळवंडलेली, एका बाजूनं उसवलेली. मंडईच्या वेळची नव्हे, ती दर साली नव्या तणसाची होते, पण वळण तेच, माहेरचं. पहिला गंज लावला त्या सकाळी त्यांनीच ती खुंटीवरून काढून गाईपुढे टाकली होती. गाईनं खाल्ली नव्हती.

"मले वाटलं, गोंदियात माझं नाव जाते, तं चांगलं करून देऊ," त्या म्हणाल्या. एवढंच.

मडकं आलं. लाखोरी शिजली. काठावर चुंबळ, चुंबळीवर परळ. सुलोचनाबाईंनी त्याला जुनी गोधडी गुंडाळली, तान्ह्या लेकराला गुंडाळावी तशी, आणि चुलीच्या उबेला ठेवलं. रीतानं मध्येच उघडून पाहू म्हटलं तर त्यांनी तिच्या हातावर हलकी चापट मारली.

दुसऱ्या दिवशी दुपारचं ऊन ओसरीवर आलं तेव्हा त्यांनीच परळ उचललं. घुगऱ्यांवर पांढुरकी साय धरली होती, दवात भिजल्यासारखी. उग्र वास आला. त्यांनी लाकडी पळी बुडवली आणि वर उचलली.

एक नव्हे, तारांचा झुबका निघाला. पळीपासून मडक्यापर्यंत, रेशमाच्या लडीसारखा, उन्हात लखलखत. सुलोचनाबाई बसल्या होत्या त्या गुडघ्यावर आल्या, मग उभ्या राहिल्या, पळी डोक्यापर्यंत नेली. झुबक्यातल्या काही तारा तुटून हवेत तरंगल्या. एक तार राहिली. वाऱ्यानं ती थोडी वाकली, धनुष्यासारखी, आणि तुटली नाही. रीतानं त्यांचा चेहरा पाहिला. ज्या तारेपायी त्यांनी आयुष्यभर मान खाली घातली होती, तिच्याकडे त्या आता मान वर करून बघत होत्या, आणि तोंड किंचित उघडं राहिलं होतं.

"बाई," त्यांनी हाक मारली. "ये, पाय."

भागरताबाई भिंतीपाशी आल्या. बघत राहिल्या. राखेचे हात त्यांनी पदराला पुसले.

"एवढी लांब," शेवटी त्या म्हणाल्या. आणि भिंतीवरून वाकून, "माझ्या मडक्यात नाई कधी आली."

सुलोचनाबाई हसल्या. रीतानं त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं, नाकातून, मुलीसारखं. "चुंबळ देतो तुले एखादी," त्या म्हणाल्या.

रीता निघाली तेव्हा तिच्या पिशवीत बाटलीत घुगऱ्या होत्या आणि कागदात गुंडाळलेली चुंबळ. कुपीवर काय नाव लिहू, तिनं उंबऱ्याशी उभं राहून विचारलं. नको असेल तर दुसरं लिहिते. सुलोचनाबाईंनी थोडा विचार केला.

"लिव माझंच. पण चुंबळ माझी म्हणून लिव. घुगरीचं काई लिवू नको."

गोंदियाला बशा पुन्हा भरल्या. ठिपके आले, एकमेकांत वाहणारे, ओले, घाण दिसणारे, आणि त्यांच्यामध्ये कडेला एक गोल, कोरडा, देखणा. रीताचा हात सवयीनं त्याच्याकडे गेला. वाटेत थांबला. मग तिनं सुई त्या बुळबुळीत पसाऱ्यात टेकवली आणि वर उचलली, कोपरापर्यंत, आणखी वर. शेजारी उभे असलेले भुपेंद्र सर चष्मा कपाळावर सारून वाकून बघत होते. तिनं तोच ठिपका कुपीत भरला. कुपीवर नाव लिहिलं आणि फ्रीजरचं दार लावलं.

तिकडे नवेगावला ओसरीवर नव्या धानाचं तणस पसरलं होतं. सुलोचनाबाई पायाच्या अंगठ्यात पेंढीचं टोक धरून चुंबळ वळत होत्या. एक वळून झाली होती. दुसरी हातात होती.